पावतीवरचा नंबर मागं का गेला?

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या पेपरात काटामारीच्या तक्रारींची पत्रं यायला लागतात, आणि ती यायलाच पाहिजेत, कारण ट्रॉलीमागं क्विंटल-दोन क्विंटल जरी गेलं तरी ते शेतकऱ्याच्या वर्षभराच्या राबण्यातलं जातंय. मी चिकोडी तालुक्यातल्या ऊस लावणाऱ्या घरातला, आणि गेली काही वर्षं बेळगावात उद्यमबागेत एका लहान कंपनीत वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितोय. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूला माझी माणसं आहेत. म्हणूनच हे पत्र जरा लांबलं तरी छापा अशी विनंती, कारण या हंगामात एका काट्यावर जो गोंधळ झाला त्याचं मूळ काट्यात नव्हतंच, आमच्या सॉफ्टवेअरला नंबर पडतो त्या पद्धतीत होतं, आणि ते मराठीत कुणीतरी नीट सांगायला पाहिजे.

झालं असं. सकाळी काकांचा फोन आला. "अरे, त्या पावतीच्या खाली बारीक नंबर असतोय बघ, परवापर्यंत दोन पॉइंट झिरो होता, आज एक पॉइंट नऊ आलाय. जुनं सॉफ्टवेअर परत टाकून काटा मारायला लागलेत म्हणून इथं पोरं गाड्या अडवून बसलीत, तू लिवतोस न्हवं हे?" मी गाडी काढली आणि तिथं पोचलो तर खरंच दहा-बारा ट्रॉल्या रस्त्याकडेला लावलेल्या, आणि एकजण दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरून सगळ्यांना दाखवत होता. एकीवर २.०-५ आणि पुढं काही अंक, दुसरीवर १.९.७-१८-जी७४०२९१५. आता सांगा, हे बघून कुणालाही काय वाटेल, नंबर मागं गेलाय, म्हणजे सॉफ्टवेअर मागं गेलंय. त्या पोरांचं काहीच चुकलं नव्हतं. प्रमाणित वजनं ठेवून सगळ्यांसमोर काटा तपासला, वजन बरोबर निघालं, गाड्या सुटल्या, पण नंबर मागं का गेला याचं उत्तर त्या वेळी माझ्याकडं नव्हतं आणि ते मला फार लागलं. पुढचे तीन दिवस त्याच्यातच गेले.

आता जरा मुळापासून सांगतो. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक आपल्या कोडचा प्रत्येक बदल एका वहीत नोंदवून ठेवतात, त्या वहीला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आज सगळ्यात जास्त चालणारी वही म्हणजे गिट, लिनस टोरवाल्ड्सनी एप्रिल २००५ मध्ये आपल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामासाठी सुरू केलेली, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हमानो ती सांभाळतात. गिटमधल्या प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात आणि प्रत्येक कमिटला आपला आधीचा कमिट कुठला हे माहीत असतं, त्याला पॅरंट म्हणतात, म्हणजे आईबापच. एखाद्या कमिटवर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली की तो झाला टॅग, २.० वगैरे. प्रत्येक कमिटला टॅग नसतो, शेकड्यात एखाद्याला असतो. मग मधल्या कमिटला काय म्हणायचं? त्यासाठी गिटमध्ये डिस्क्राइब नावाची कमांड आहे. ती मागं मागं जात जवळचा टॅग शोधते आणि सांगते की अमुक टॅग, त्याच्यानंतर इतके कमिट, आणि जी अक्षरापुढं त्या कमिटची स्वतःची खूण. जी म्हणजे गिटचा जी. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपला व्हर्जन नंबर तयार करताना हीच कमांड वापरतो, पायथॉन भाषेत लिहिणाऱ्यांचं सेटअपटूल्स-एससीएम पण हीच वापरतं, आणि आम्ही पण तेच उचलून थेट पावतीवर छापत होतो.

पूर्वी आमच्याकडं सबव्हर्जन नावाची दुसरी वही होती, त्यात नंबर सरळ १, २, ३ असा वाढत जायचा, सगळ्या वहीला एकच नंबर, मागं जायचा प्रश्नच नाही. गिटमध्ये तसं नाही कारण तिथं एकाच वेळी चार जण चार फांद्यांवर, म्हणजे नोंदींच्या चार वेगळ्या रेघांवर, काम करतात आणि नंतर त्या जोडतात. खरी गोम इथंच आहे, की "जवळचा टॅग" म्हणजे नेमका कुणाच्या जवळचा आणि कशानं मोजलेला.

आमच्या भागात हे समजवायला हेळव्यासारखं दुसरं उदाहरण नाही. सुगी झाली की बैलावरून हेळवी यायचे, वाड्यासमोर बसून अख्ख्या घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचे, कोण कुठल्या गावाहून आला, कुणाला किती पोरं, कोण कुठं दत्तक गेला, आणि आजी सूपभर जोंधळे घालायची. लहानपणी मी ते तोंड उघडं टाकून ऐकलंय. आता समजा हेळव्याला विचारलं की माझ्या पूर्वजांपैकी नाव गाजलेला सगळ्यात जवळचा माणूस कोण, तर तुम्हीआम्ही पिढ्या मोजू, बाप, आजोबा, पणजोबा असं. गिट तसं करत नाही. गिट पिढ्या मोजत नाही, माणसं मोजतो. तो म्हणतो की तुझे सगळे पूर्वज काढ, आईकडचे आणि वडिलांकडचे, त्यातून त्या गाजलेल्या माणसाला आणि त्याच्या पूर्वजांना वजा कर, उरलेली माणसं मोज, आणि ज्याच्या बाबतीत उरलेली माणसं सगळ्यात कमी तो तुझ्या जवळचा. वर आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न होतात, म्हणजे आईकडची आणि वडिलांकडची रेघ मागं जाऊन एकाच घरात मिळते, अगदी तसंच गिटमध्ये दोन फांद्या मागं एकाच कमिटला मिळतात. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं उलगडतं.

आमच्याकडं काय झालं होतं बघा. मुख्य फांदीवरून १.९ ची एक वेगळी फांदी काढलेली, कारण काही कारखान्यांत जुनी मशिनं होती आणि त्यांना नवं चालत नव्हतं. फांदी फुटल्यानंतर मुख्य रेघेवर १२ कमिट झाले आणि बाराव्यावर २.० चा टॅग मारला, नंतर आणखी ५ झाले. तिकडं १.९ च्या फांदीवर मात्र बारीकसारीक दुरुस्त्यांचा पाऊस पडला, कुठं प्रिंटर अडतोय, कुठं सिरियल पोर्टचा वेग जुळत नाही, कुठं पावतीवर कन्नड आणि मराठी अक्षरं एकावर एक चढतायत, असे ४० कमिट, आणि शेवटच्यावर १.९.७ चा टॅग. मग आमच्यातल्या एकानं शहाणपणानं त्या सगळ्या दुरुस्त्या मुख्य रेघेत जोडल्या, म्हणजे एक मर्ज कमिट झाला. तो जोड झाल्यावर जे बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेलं चालू सॉफ्टवेअर, गेलं तेच त्या काट्यावर बसलं.

आता हेळव्याच्या पद्धतीनं मोजा. २.० पासून मोजलं तर मुख्य रेघेवरचे ५, मर्जचा १, आणि १.९ कडून आलेले सगळेच्या सगळे ४०, कारण २.० ला त्यातला एकही पूर्वज म्हणून माहीत नाही, एकूण ४६. आणि १.९.७ पासून मोजलं तर फांदी फुटल्यानंतरचे मुख्य रेघेवरचे १२ अधिक ५ अधिक मर्जचा १, एकूण १८. अठरा लहान, म्हणून गिटनं सांगितलं १.९.७-१८. त्याच्या हिशोबात एक पैचीही चूक नाही. सॉफ्टवेअर तर २.० च्या पुढचंच होतं, २.० मधली प्रत्येक ओळ त्यात होती, फक्त नाव १.९.७ च्या घरातलं लागलं होतं.

हे मला लगेच कळलं असं नाही. पहिला दिवस आम्ही बिल्डच्या मशिनवर संशय घेण्यात घालवला, कुणीतरी चुकीची फांदी बिल्ड केली असणार म्हणून. मग २.० हा टॅग आजच्या कमिटचा पूर्वज आहे का हे मर्ज-बेस कमांडला इज-ॲन्सेस्टर लावून विचारलं, तर उत्तर आलं हो आहे, म्हणजे कोड बरोबर होता. दुसऱ्या दिवशी डिस्क्राइबला डिबग पर्याय लावून चालवला आणि तिथं उजेड पडला. तो शोध कसा चालला ते छापतो, कुठले कुठले टॅग उमेदवार म्हणून सापडले, प्रत्येकापुढं अंतर, आणि एकूण किती कमिट चालून गेला ते. आमच्या पडद्यावर एका ओळीत १८ आणि १.९.७, खालच्या ओळीत ४६ आणि २.०. दोन्ही उमेदवार होते, दोघांपुढं अंतर होतं, निवड का झाली ते उघड होतं. माझं या क्षेत्रातल्या आपल्या पोरांना एवढंच सांगणं आहे की टॅग चुकला असं वाटलं की आधी हा डिबग लावा, अंदाजावर तीन माणसांचा दिवस घालवू नका, आणि मग गिट लॉगला टॅग, दोन टिंबं आणि आपला कमिट देऊन येणारी यादी स्वतः मोजा, तोच आकडा निघतो, तेव्हाच विश्वास बसतो.

पण गोष्ट इथं संपली नाही, कारण शोधता शोधता आणखी खड्डे सापडले. हा शोध मागं जाताना कमिटच्या तारखेच्या क्रमानं जातो, नवी तारीख आधी, जुनी नंतर, आणि मुकाट्यानं फक्त १० उमेदवार गोळा करतो, ते भरले की पुढचे टॅग धरत नाही. आता आमच्या एका जुन्या वहीत काय झालं होतं, एका कारखान्यातल्या काट्याच्या खोलीत बसून आमच्या पोरानं तिथल्याच कॉम्प्युटरवर कमिट केलेला, आणि त्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डचा सेल गेलेला, म्हणून घड्याळ कित्येक वर्षं मागं. तो कमिट मुख्य रेघेवर बसला. त्याची तारीख एवढी जुनी की गिटच्या रांगेत तो शेवटी गेला, आणि त्याच्या मागं असलेला जवळचा टॅग पण त्याच्याबरोबर मागंच राहिला, तोवर दुसऱ्या फांदीवरचे जुने जुने टॅग येऊन दहाची यादी भरून गेली. म्हणजे खरा जवळचा टॅग स्पर्धेतच उतरला नाही. तिथं डिबगच्या शेवटी स्पष्ट लिहून येतं की अमुक कमिटपाशी शोध सोडला. ती ओळ दिसली की कँडिडेट्स हा आकडा वाढवून बघायचा, आमचा प्रश्न त्यानंच सुटला. तेव्हापासून बाहेरच्या साइटवर कमिट करायच्या आधी घड्याळ बघायचं हा आमच्याकडं नियम आहे, आणि तो नियम मला अगदी प्रिय आहे.

दुसरं, टॅग दोन जातीचे असतात. एक नुसती चिठ्ठी, लाइटवेट, आणि दुसरा ॲनोटेटेड, ज्यात कुणी मारला, कधी मारला, काय संदेश हे सगळं नोंदलेलं असतं. डिस्क्राइब आपणहून फक्त ॲनोटेटेड टॅग बघतो. नवीन पोरगं घाईत नुसतं गिट टॅग आणि नाव एवढंच टाइप करतं, ती झाली नुसती चिठ्ठी, आणि मग पावतीवर आधीच्याच रिलीजचं नाव येत राहतं आणि पुढचा आकडा वाढत राहतो. टॅग्ज पर्याय लावला तर चिठ्ठ्या पण बघतो, पण एकाच कमिटवर दोन्ही असतील तर मान ॲनोटेटेडलाच. आमच्याकडं चाचणीच्या वेळचा २.०-आरसी२ नीट ॲनोटेटेड होता आणि खरा २.० त्याच कमिटवर चिठ्ठी म्हणून मारला होता, मग गिट बापडा आरसी२ च म्हणणार की. तो नंतर सुधारला.

तिसरं, आजकाल बिल्ड सगळे सर्व्हरवर होतात आणि तिथं वेळ वाचवायला वही पूर्ण उतरवून घेत नाहीत, वरचं एक पान घेतात, त्याला शॅलो क्लोन म्हणतात. गिटच्या वह्या ठेवायची गिटहब नावाची जी वेबसाइट आहे, तिच्या चेकआउट ॲक्शनचा, म्हणजे वही उतरवून घेणाऱ्या पायरीचा, नेहमीचा पर्याय एकाच कमिटचा आहे. मागची पानंच नसली तर हेळवी काय वाचणार? मग येतं की नावंच सापडली नाहीत, काही वर्णन करता येत नाही. त्यावर घाबरून लोक ऑलवेज पर्याय लावतात आणि पावतीवर नुसते खुणेचे अंक येतात, ते तर शेतकऱ्याला अजूनच परके. खरा उपाय म्हणजे फेच-डेप्थ शून्य ठेवून सगळी वही आणि टॅग उतरवून घेणं, आणि आपल्या मशिनवरून पाठवताना टॅग पण पाठवणं, कारण नुसत्या पुशनं टॅग जात नाहीत, फॉलो-टॅग्ज लावावं लागतं. याच्यावर जास्त लिहीत नाही.

मूळ गोंधळावर आम्ही केलं काय, तर डिस्क्राइबला फर्स्ट-पॅरंट पर्याय लावला. म्हणजे हेळव्याला सांगायचं की फक्त एकाच बाजूनं मागं जा, जोडून आलेल्या घराकडं वळू नकोस. आता तो मर्ज कमिट २.०-६ दाखवतो, पाच आणि मर्जचा एक. पण याला एक अट आहे आणि ती फार महत्त्वाची. पहिला पॅरंट म्हणजे मर्ज करताना तुम्ही ज्या फांदीवर उभे होता तो. मुख्य फांदीवर उभं राहून १.९ आत घेतलं तर मुख्य रेघ पहिली. उलट १.९ वर उभं राहून मुख्य आत ओढली आणि तेच मुख्य म्हणून ढकललं, तर रेघाच उलट्या होतात आणि नंबर परत मागं. म्हणून आम्ही आता ठरवलंय की मर्ज कुठं उभं राहून करायचा हे एकजणच बघणार, आणि बिल्डच्या आधी एक लहान तपासणी लावली आहे, नवा नंबर मागच्या पाठवलेल्या नंबरापेक्षा मागं असेल तर बिल्ड अडतं आणि माणूस बघितल्याशिवाय पुढं जात नाही. ही तपासणी आधी असती तर त्या दिवशी गाड्या अडल्या नसत्या, शेतकऱ्यांचा अर्धा दिवस आणि उसाचं वाळणं वाचलं असतं. उन्हात उभ्या ट्रॉलीतला ऊस वजनाला घटतो हे मला घरातूनच माहीत आहे, त्याबद्दल त्या सगळ्यांची मी तिथं जाऊन माफी मागितली आहे आणि इथं पण मागतो.

आणखी एक बदल केला, पावतीवर आता डिस्क्राइबचं कच्चं उत्तर छापत नाही. वर साधा नंबर आणि बिल्डची तारीख, मराठीत आणि कन्नडात, आणि खाली बारीक अक्षरात पूर्ण खूण. माझं स्पष्ट मत आहे की जो आकडा बघून माणूस आपला माल खरा तोलला की नाही ठरवतोय, तो आकडा त्याला वाचता आला पाहिजे. निपाणी, संकेश्वर, रायबाग, खानापूर, कुठंही जा, आपल्या भागातला शेतकरी पावती जपून ठेवतो आणि बारकाईनं बघतो, काकांनी तो फरक ओळखला तो कुठल्याही इंजिनिअरच्या आधी.

आणि ज्यांच्याकडं जुन्या पावत्या आहेत त्यांना कळकळीची विनंती, त्या फेकू नका. दोन गोष्टी बघा. एक, त्या नंबरच्या शेवटी डर्टी असा शब्द आहे का. तो असेल तर त्याचा अर्थ असा की बिल्ड करताना वहीत नोंद न झालेला बदल त्या कोडमध्ये होता, आणि तो कसला होता हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, संशय घ्यायचा तर तिथं घ्या, आकडा मागंपुढं झाला त्यावर नको. दुसरं, जी अक्षरापुढचे अंक. पुढचं नाव १.९.७ असो की २.०, गिटला ती अख्खी खूण जशीच्या तशी दिली तर तो नावाकडं बघतच नाही, जी च्या पुढच्या अंकांवरूनच तो नेमका कमिट काढून देतो. त्या दिवशी अडलेल्या ट्रॉल्यांच्या पावत्यांवर ७४०२९१५ आहे. तो कमिट आमच्याकडं आहे, त्यातली वजनाची प्रत्येक ओळ २.० शी जुळवून काकांना आणि त्या पोरांना बसून दाखवली, आणि आणखी कुणाला बघायची असेल तर पावती घेऊन त्याच काट्यावर सांगावं, मी येऊन दाखवतो.

आपला,
उद्यमबाग, बेळगाव येथील एक वाचक